मावेज्याचा पैसा कुठं ठेवावा: पतसंस्था, मल्टिस्टेट, बँक तपासायची आमची पद्धत

माजलगाव तालुक्यात आमच्या आत्याची जमीन रस्त्यात गेली आणि मावेजा, म्हणजे जमिनीची भरपाई, आला १८ लाख. एवढा पैसा घरात एकदम कुणीच कधी बघितलेला नव्हता. बँकेत विचारलं तर ७ टक्के, आणि तालुक्याच्या गावात काचेचं ऑफिस थाटलेल्या एका मल्टिस्टेटमधी, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी संस्थेत, १२ टक्के, वरून तिथला मॅनेजर ओळखीचा, मावशी मावशी करत घरी येणारा, चहा पिता पिता पावती करून देणारा. महिन्याला १०,५०० पाहिजेत का १८,००० एवढाच हिशोब झाला आणि पैसे तिथं गेले. १४ महिने व्याज एक तारखेला बरोबर आलं. पंधराव्या महिन्यात शटर खाली.

आत्या अजून ती पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवती. आपल्याकडं बीड, जालना, परभणी, धाराशिव कुठंही जा, अशी पावती असलेलं एक तरी घर गल्लीत सापडतंच. म्हणून त्यानंतर आम्ही घरात जी पद्धत बसवली ती इथं सविस्तर लिहितोय, सोयाबीनचा पैसा असो, रिटायरमेंटचा असो, लेकीच्या लग्नासाठी साठवलेला असो, ठेवायच्या आधी एक दिवस काढा आणि हे करा.

आधी त्या जास्तीच्या व्याजाचा हिशोब मांडून बघा, आम्ही तो उशिरा मांडला. १२ आणि ७ मधला फरक १८ लाखावर महिन्याला ७,५०० रुपये. म्हणजे बुडालेली मुद्दल त्या जास्तीच्या व्याजातून भरून यायला २४० महिने लागले असते, २० वर्ष. २० वर्ष ती संस्था नीट चालली असती तरच त्या १२ टक्क्याला अर्थ होता. तुम्ही पण तुमच्या आकड्याचा असा भागाकार करा, कागदावर करा, मोबाईलवर करा, पण करा, कारण १२ आणि ७ हे ऐकायला जवळजवळचे आकडे वाटतात आणि २० वर्ष म्हणलं की माणूस थांबतो.

आता तपासायचं काय. सगळ्यात पहिला प्रश्न दराचा विचारायचाच नाही, पहिला प्रश्न हा की उद्या काही झालं तर पाठीमागं कोण उभं आहे. बोर्डावर काहीही लिहिलेलं असो, आपल्या तालुक्यात पैसा ठेवायच्या जागा ढोबळमानानं चार प्रकारच्या आहेत आणि चारींच्या मागचा माणूस वेगळा आहे.

पोस्टाच्या मागं केंद्र सरकार आहे, तिथं हमीला रकमेची मर्यादा आडवी येत नाही. बँकेच्या मागं रिझर्व्ह बँक आहे, आणि ठेवीला विमा आहे. हा विमा डीआयसीजीसी नावाचं महामंडळ देतं, १९६२ ला सुरू झाला तवा १,५०० रुपये होता, १९९३ पासून १ लाख होता, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख आहे. स्टेट बँक असो, खाजगी बँक असो, आपली ग्रामीण बँक असो, जिल्हा मध्यवर्ती असो का नागरी सहकारी बँक असो, सगळ्यांना तोच नियम. तिसरी जागा पतसंस्था, ती १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली येती, तिच्यावर लक्ष सहकार खात्याचं, म्हणजे तालुक्याला सहायक निबंधक आणि जिल्ह्याला उपनिबंधक. चौथी मल्टिस्टेट, ती २००२ च्या केंद्राच्या कायद्याखाली, तिचा निबंधक दिल्लीत. ह्या शेवटच्या दोघींना डीआयसीजीसीचा ५ लाखाचा विमा लागू नाही. एक रुपयाचा पण नाही. मॅनेजर "आपल्याला पण विमा आहे बरं का" म्हणला तर त्याला त्याच महामंडळाच्या वेबसाईटवरच्या बँकांच्या यादीत संस्थेचं नाव दाखवायला सांगा, तुमच्यासमोर, तुमच्या मोबाईलवर. यादीत नाव नसलं तर विषय संपला.

अजून एक खूण. २०२० च्या दुरुस्तीनंतर बँकेचा परवाना नसलेल्या सहकारी संस्थेला स्वतःच्या नावात बँक हा शब्द वापरता येत नाही, तरी गावात लोक सगळ्यालाच बँक म्हणतात. "बँकेत ठेवलेत" असं आत्या पण म्हणायची. पावतीवर वर ठळक अक्षरात काय छापलंय ते वाचा, खाली बारीक अक्षरात नोंदणी क्रमांक कुठला आहे ते वाचा.

ह्याचा अर्थ सगळ्या पतसंस्था वाईट असं मी म्हणत नाही, हे मनापासून सांगतो. आपल्या भागात बँका कर्ज द्यायला नाखूष, कागद मागून मागून दमवतात, तिथं किराणावाल्याला, टेलरला, म्हैस घेणाऱ्याला पतसंस्थेनंच उभं केलेलं आहे. तीस-तीस वर्ष चोख चाललेल्या संस्था आहेत, संचालक सायकलवर फिरायचे अशा. विकास व्हायचा तर छोट्या माणसाला उधार मिळालंच पाहिजे. पण उधार देणारा टिकला पाहिजे, आणि तो टिकणार का नाही हे ठेवीदाराला बघता येतं, तेच पुढं सांगतो.

दुसरा प्रश्न, हा दर येतो कुठून. इथं थोडं देशाचं हवामान बघावं लागतं, अवघड नाही. रिझर्व्ह बँक दर दोन महिन्याला रेपो दर सांगती, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं उसने पैसे देती तो दर, टीव्हीवर पेपरात येतंच. फेब्रुवारी २०२३ पासून दोन वर्ष तो ६.५ टक्के होता, मग फेब्रुवारी २०२५ पासून कमी करत जूनमधी ५.५ वर आणला. रेपो खाली आला की बँकांच्या ठेवीचे दर खाली येतात. अशा वेळी बाकी सगळीकडं दर उतरत असताना एखादी संस्था १२ चे १३ करत असेल तर तिला रोख पैशाची घाई झालेली आहे असं समजा. चांगलं चाललेल्या माणसाला महाग पैसा घ्यायची गरज नसती.

मग पुढचा हिशोब. १३ टक्क्यानं ठेव घेतली तर ऑफिसचं भाडं, पगार, एजंटचं कमिशन धरून कर्ज १६-१७ टक्क्यानं तरी द्यावं लागणार. आता आपल्या गावात नजर फिरवा, १७ टक्के व्याज भरून परत वेळेवर फेडणारा धंदा कोणता आहे? कास्तकाराला तर पीक कर्ज वेळेत फेडलं तर ३ लाखापर्यंत बिनव्याजी पडतं, तो १७ नं कशाला घेईल, घेणारा असेल तर तो बँकेनं परत पाठवलेलाच असणार. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ असताना लातूरच्या बाजारात त्याच्याही खाली माल गेला. त्यातून १७ टक्के कोण काढणार.

अजून एक ढोबळ फूटपट्टी मी वापरतो. आपला देश महागाई काढून साडेसहा-सात टक्क्यानं वाढतोय, त्यात महागाई मिळवली की दहा-अकराच्या आसपास जातं. म्हणजे सगळ्या देशाचा धंदा मिळून वर्षाला साधारण तेवढा फुगतो. तुम्हाला कुणी १८ किंवा २४ टक्के, ते पण गॅरंटीनं देतो म्हणत असेल तर तो सगळ्या देशापेक्षा दुप्पट वेगानं, दरवर्षी, न चुकता कमावतोय असं त्याचं म्हणणं आहे. तसं कुणी कमावत नसतं. नव्या ठेवीतून जुन्या ठेवीचं व्याज दिलं जातं, आणि नवी ठेव थांबली त्या दिवशी शटर.

दामदुप्पटवाल्यांसाठी सोपं गणित आहे, ७२ ला दरानं भागायचं, तेवढ्या वर्षात पैसा दुप्पट. ७.२ टक्क्यानं १० वर्ष, १२ नं ६ वर्ष. पोस्टाच्या किसान विकास पत्रात ७.५ टक्क्यानं ११५ महिने लागतात, म्हणजे साडेनऊ वर्षाच्या थोडं वर. आणि कुणी ४ वर्षात दामदुप्पट म्हणत असेल तर तो १८ टक्के म्हणतोय, तेवढं तोंडी काढता आलं पाहिजे. हेच गणित देशाला पण लागू आहे. आपला देश कित्येक वर्ष साडेतीन टक्क्यानं वाढायचा, तवा उत्पन्न दुप्पट व्हायला २० वर्ष लागायची, सातनं वाढला की १० वर्षात होतं. एका पिढीत लेकराबाळांचं जगणं बदलतं ते ह्या फरकामुळं.

तिसरं काम जरा किचकट आहे पण सगळ्यात महत्त्वाचं, वार्षिक अहवाल मागायचा. प्रत्येक सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होती, तिचं अहवालाचं पुस्तक छापतात, वरती अध्यक्षांचा फोटो असतो. तुम्ही सभासद आहात, तुम्हाला मागायचा हक्क आहे. "संपले" म्हणले तर ऑफिसमधल्या कॉपीचे मोबाईलवर फोटो काढतो म्हणा. ते पण नको म्हणले तर ठेव ठेवू नका, पुढचं वाचायची गरजच नाही.

पुस्तक मिळालं तर फोटो आणि भाषण सोडून ताळेबंदाच्या पानावर या. एकूण ठेवी किती आणि एकूण कर्ज किती ते बघा. १०० रुपये ठेवीतले ७० च्या आसपास कर्जात आणि बाकीचे दुसऱ्या बँकेत, रोखीत असं असलं तर ठीक, ९० च्या वर गेलं असलं तर लोक मागायला आल्यावर द्यायला गल्ल्यात काही नाही. मग थकबाकी बघा. बँकेत ९० दिवस हप्ता थकला की कर्ज बुडीताकडं धरतात. देशभरातल्या बँकांचं असं कर्ज मार्च २०१८ ला ११.२ टक्के होतं तवा सरकारी बँकांमधी भांडवल ओतायची वेळ आली होती, मार्च २०२४ ला ते २.८ वर आलं. तुमच्या संस्थेचा आकडा ह्या दोन्हीच्या मधी कुठं पडतो बघा. लेखापरीक्षणाचा वर्ग अ आहे का ब आहे ते पण बघा, पण नुसत्या वर्गावर जाऊ नका.

आणि मग इमारत, गाड्या, जागा ह्यात किती पैसा घातलाय ते बघा, आणि कर्ज कुणाला दिलंय त्याची चौकशी करा. चौकशी अहवालात होत नाही, चहाच्या टपरीवर होती. अध्यक्षाच्या घरातली डेअरी, मेव्हण्याची तेलाची मिल, भावाची प्लॉटिंग, सगळीकडं हाच पैसा लागला आहे असं चार माणसं म्हणत असतील तर ते खरं धरून चाला. हजारो घरांच्या ठेवी आणि कर्ज एका घराला, ही आपल्याकडची जुनी तऱ्हा आहे. आत्याच्या संस्थेचं पण असंच निघालं. गावात गुत्तेदारापासून सगळ्यांना माहीत होतं, आम्हीच कुणाला विचारलं नाही.

आता पावसाचं सांगतो, ह्याच्यावर आपल्याकडं कुणी फार बोलत नाही. एका तालुक्यात चालणारी संस्था कितीही प्रामाणिक असली तरी तिचे सगळे कर्जदार एकाच पावसावर जगतात. सोयाबीन गेलं की कास्तकार थकतो, कास्तकार थकला की कृषी सेवा केंद्रवाला थकतो, मग कापड दुकान, मग मोटारसायकलचा शोरूम, आणि त्याच महिन्यात ठेवीदार पण ठेव मोडायला येतो कारण त्याच्या घरात पण तेच झालंय. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, आणि सप्टेंबर २०२५ ला उलटं झालं, पुरानं रानातली माती वाहून नेली. दोन्ही वेळेला सगळ्यांवर एकदमच आलं. मोठ्या बँकेचं कर्ज पुण्यात, चेन्नईत, सुरतेत विखुरलेलं असतं, आपला दुष्काळ तिला सोसतो. म्हणून आपल्या गावातल्या चांगल्या संस्थेत ठेवायचेच असले तर जेवढे दोन वर्ष नाही मिळाले तरी चूल चालेल तेवढेच ठेवा.

देश पण असेच अडचणीत येतात, हे वाचलं तवा मला संस्थेचा घोळ जास्त नीट कळला. थायलंडनं नव्वदीत बाहेरून डॉलरमधी कमी मुदतीचं कर्ज घेतलं आणि ते इमारतीत, जमिनीत घातलं, मागणारे एकदम आले आणि २ जुलै १९९७ ला त्यांना त्यांच्या चलनाचा, बाथचा, बांधून ठेवलेला भाव सोडून द्यावा लागला. श्रीलंकेनं एप्रिल २०२२ मधी बाहेरचं कर्ज फेडणं थांबवलं, पेट्रोलला रांगा, औषधं नाहीत. आपल्यावर १९९१ ला आलं होतं, आयातीला जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतील एवढे डॉलर उरले आणि ४७ टन सोनं इंग्लंड आणि जपानच्या बँकांकडं गहाण ठेवावं लागलं. प्रत्येक वेळी मुदतीचा मेळ बसलेला नव्हता, आज मागितला तर द्यावा लागणारा पैसा दहा वर्षानी परत येणाऱ्या कामात अडकलेला. देश अडला तर आंतरराष्ट्रीय नाणेनिधी असतो, बँक अडली तर रिझर्व्ह बँक असती. पतसंस्था अडली तर तिला रात्रीतून रोख देणारं कुणी नसतं. म्हणून तिथं नुसत्या अफवेनं पण रांग लागती आणि रांगेनं चांगली संस्था पण पडू शकती.

पैसा विभागायचा कसा ते आता. ५ लाखाचा विमा एका माणसाला एका बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून, आणि त्या बँकेच्या सगळ्या शाखा मिळून. माजलगाव शाखेत ५ आणि बीड शाखेत ५ ठेवले तरी विमा ५ चाच. म्हणून काठोकाठ ५ ठेवू नका, व्याजाला जागा सोडा. आत्याचे १८ लाख चार बँकांत साडेचार-साडेचार करून ठेवले असते तर वर्षाचं व्याज धरून पण सगळे विम्याच्या आत बसले असते, एवढं सोपं होतं. एकटीच्या नावाचं खातं आणि मुलासोबतचं जोडखातं विम्यासाठी वेगळं धरतात, ते पण वापरा. बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसात द्यायची अशी दुरुस्ती २०२१ ला झाली, त्याआधी लोक वर्षानुवर्ष ताटकळायचे. साठीच्या वरच्या माणसाला पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना आधी बघा, ३० लाखापर्यंत ठेवता येतात आणि व्याज तीन महिन्याला हातात येतं. दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, जायच्या आधी बघून जा. वारसाचं नाव मात्र सगळीकडं लावा, आजच लावा.

मधीच एक सांगतो, घरात आजोबांच्या पेटीत स्टेट बँक ऑफ हैदराबादचं जुनं पासबुक असलं तर फेकू नका. आपल्याकडं सगळे एसबीएच म्हणायचे, निजामाच्या काळात १९४१ ला हैदराबाद स्टेट बँक म्हणून स्थापन झालेली, १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. दहा वर्ष हात न लावलेल्या खात्यातला पैसा रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातो, पण वारसाचा हक्क जात नाही, उद्गम नावाच्या पोर्टलवर नाव टाकून शोधता येतं.

ठेव ठेवून झालेली असली तर ह्या गोष्टींकडं लक्ष ठेवा. मुदत संपल्यावर "राहू द्या की, अर्धा टक्का वाढवून देतो" असं मागं लागणं. पैसे मागितल्यावर सर्व्हर बंद, साहेब मुंबईला, सोमवारी या. मोठी रक्कम मागितली तर पाच-पाच हजार देणं. शाखेतला ओळखीचा क्लार्क नोकरी सोडून जाणं, हे तर फार बोलकं असतं. ह्यातल्या दोन गोष्टी दिसल्या की भीड धरू नका, मुदतीआधी मोडून थोडं व्याज गेलं तरी जाऊ द्या. आत्यानं बाराव्या महिन्यात लेकाच्या ट्रॅक्टरसाठी दोन लाख मागितले होते, मॅनेजर म्हणला दिवाळीनंतर देतो. ती भिडेखातर गप्प बसली.

आणि पैसे अडकलेच असले तर मूळ पावती कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या, देताना पोच घ्या. व्याज जमा झालेल्या नोंदी, पासबुक, मॅनेजरचे व्हॉट्सअॅप मेसेज सगळं एका जागी ठेवा. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार द्या, आपल्या राज्यात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, लोक त्याला एमपीआयडी म्हणतात, त्यात संस्थेची आणि संचालकांची मालमत्ता जप्त करून विकायची आणि कोर्टामार्फत ठेवीदारांना वाटायची सोय आहे. वेळ लागतो, वर्ष जातात, पण ज्याचं नाव तक्रारीत आणि यादीत आहे त्यालाच पुढं मिळतं. मल्टिस्टेट असली आणि तिच्यावर अवसायक, म्हणजे बंद संस्थेचा हिशोब मिटवणारा अधिकारी, नेमला असला तर त्याच्याकडं दावा दाखल करायची तारीख पेपरात येती, ती चुकवू नका. २०२३ च्या दुरुस्तीनंतर मल्टिस्टेटच्या सभासदांसाठी सहकार लोकपाल पण आहे, ठेवीची तक्रार तिथं करता येती. बँकेविरुद्ध तक्रार असली तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८ नंबर लावा, आणि कुणी बेकायदा ठेवी गोळा करत फिरत असलं तर रिझर्व्ह बँकेच्याच सचेत पोर्टलवर कळवा. "मी तुमचे पैसे काढून देतो, दहा टक्के द्या" म्हणणारे दलाल ह्याच वेळी उगवतात, त्यांना दारात उभं करू नका.

आमच्या घरात आता सोयाबीनची पट्टी आली की आत्येभाऊ आधी चालू खर्च आणि बियाण्याचे बाजूला काढतो, बाकीचे आत्याच्या नावावर पोस्टात आणि दोन बँकांत जातात, आणि कुठं किती ठेवले, कोणत्या तारखेला मुदत संपती, वारस कोण, हे सगळं एका वहीत लिहिलेलं असतं. वही आत्याकडं असती. अवसायकाकडं दिलेल्या दाव्याची पोच पण तिनं त्याच वहीत पहिल्या पानाला टाचून ठेवली आहे.